‘डिस्ट्रॉय’ने सर्व्हर पुसला जात नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : व्हर्च्युअल सर्व्हरसाठी (एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या सर्व्हरसाठी) कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याची पद्धत, वापरणे कालबाह्य झाले आहे, तिच्यात ‘डिस्ट्रॉय’ हा एक शब्द टंकला की सगळा सर्व्हर पुसला जातो, ब्राउझरमधले पॅनल तिच्यापेक्षा सुरक्षित असते, आणि सर्व्हर संख्येने वाढले की पॅनलवाचून गत्यंतर नसते. या चारांपैकी एका विधानात थोडे तथ्य आहे, पण जसेच्या तसे एकही टिकत नाही.

कालबाह्यतेवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. खिडक्या आणि माउस यांच्यावर जिची ओळख उभी आहे त्या मायक्रोसॉफ्टनेच २००६ साली पॉवरशेल हे आज्ञा टंकण्याचे साधन आणले, विंडोज सर्व्हर २००८ मध्ये नेहमीच्या डेस्कटॉपविना चालणारा ‘सर्व्हर कोअर’ हा पर्याय दिला आणि २०१२ च्या आवृत्तीत हायपर-व्ही या आपल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीसाठी पॉवरशेलच्या कमांडचा स्वतंत्र संच पुरवला. मोडीत निघालेल्या वस्तूवर इतकी मेहनत कोणी घेत नाही.

‘डिस्ट्रॉय’चा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण सगळी भीती याच शब्दाभोवती उभी केली आहे. लिनक्सवर केव्हीएम या सुविधेच्या आधाराने चालणारी व्हर्च्युअल मशीन (केव्हीएम २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, दाखल झाले) बहुधा लिबव्हर्ट या मधल्या थराकरवी हाताळली जातात आणि त्या थराशी बोलणारी कमांड म्हणजे ‘व्हर्श’. ‘व्हर्श शटडाउन’ आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला बंद होण्याची विनंती करते. सिस्टिमने ती ऐकली नाही, तर मशीन चालूच राहते. ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ विनंतीच्या भानगडीत न पडता थेट वीज तोडते. डिस्कवर अद्याप न उतरलेला डेटा त्यात हरवू शकतो, परंतु डिस्कची फाइल जागेवरच असते आणि मशीनची व्याख्या (त्याची मेमरी, डिस्क वगैरेंची नोंद) साठवलेली असेल, तर ‘व्हर्श स्टार्ट’ म्हणताच तेच मशीन पुन्हा उठते. ती व्याख्या काढून टाकण्याचे काम ‘अनडिफाइन’चे, त्यातही डिस्क पुसायची असेल, तर ‘रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ हा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. खरी फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी : चालू मशीनवर ‘अनडिफाइन’ दिले, तर ते काही घडलेच नसल्यासारखे चालत राहते आणि पुढे कधीतरी बंद झाले की यादीतूनच नाहीसे होते. या धोक्याचा त्या मजकुरात उल्लेखही नाही.

शब्द भलताच निवडला गेला, हे मी मान्य करतो. पण व्हर्ट-मॅनेजर या खिडकीवाल्या साधनातले ‘फोर्स ऑफ’ हे बटण लिबव्हर्टला हीच आज्ञा देते. फरक पाटीचा आहे, कृतीचा नाही.

सुरक्षिततेबाबत बोलायचे, तर पॅनल ही स्वतःच नेटवर्कवर कान देऊन बसलेली एक सेवा असते. कॉकपिट हे पॅनल ९०९० या पोर्टवर (नेटवर्कवरच्या क्रमांकित दारावर), तर प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचे पॅनल ८००६ वर ऐकते; या दारांचा बंदोबस्त आणि त्यांच्या मागच्या सॉफ्टवेअरची अद्ययावतता हे वाढीव काम ठरते. लिबव्हर्टला दूरच्या यंत्रावरून आज्ञा द्यायच्या असतील, तर त्या एसएसएच या दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या सेवेतून पाठवता येतात आणि ते दार बहुतेक सर्व्हरवर मुळातच असते. तिथे पासवर्ड बंद करून केवळ किल्लीने (गुप्त फाइलने) प्रवेश ठेवता येतो. मात्र पॅनल ‘नक्की का?’ असे विचारते आणि ‘व्हर्श’ विचारत नाही, हे खरे. ‘वेब-११’ लिहिताना एक आकडा सुटला, तर बिचारे ‘वेब-१’ तत्क्षणी बंद पडते. थोडे तथ्य म्हणालो ते एवढेच.

संख्येचा मुद्दा तर उलटाच आहे. चाळीस मशीनची मेमरी वाढवायची असेल, तर पॅनलमध्ये अनेकदा चाळीस पाने उघडावी लागतात. ‘व्हर्श लिस्ट’ने दिलेली नावे एका लूपमध्ये (तीच आज्ञा प्रत्येक नावासाठी पुन्हा चालवणाऱ्या रचनेत) फिरवली, तर तेच काम चार ओळींत होते. बदल चालू मशीनला ‘लाइव्ह’ लावायचा की पुढच्या सुरुवातीपासून ‘कॉन्फिग’मध्ये, हेही त्या ओळीतच स्पष्ट लिहिलेले असते. ‘डंपएक्सएमएल’ने प्रत्येक मशीनची व्याख्या मजकुराच्या रूपात काढून गिट या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवली, की गेल्या महिन्यापासून काय बदलले ते ओळीनिशी दिसते. महिनाभराच्या भाराचा आलेख पाहण्यासाठी मी स्वतः पॅनलच उघडतो. त्या कामात कमांड लाइनचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. शिवाय लूपमधली चूकही चाळीस पटींनी होते. म्हणून आधी प्रत्येक कमांडपुढे ‘एको’ लावून त्या नुसत्या छापून घ्याव्यात, यादी वाचावी आणि मगच ‘एको’ काढावे. अशी रंगीत तालीम घेण्याची सोय मी वापरलेल्या एकाही पॅनलमध्ये मला आढळलेली नाही.