इंजिन एकदम मख्खन आहे

गेल्या मे महिन्यात एका लग्नाला गेलो होतो. हॉलच्या दारात पाहुण्यांच्या गाड्या लावून द्यायला लाल जाकीट घातलेला एक पोरगा उभा होता. त्यानं अदबीनं हात पुढे केला. "काका, किल्ली."

"देतो. पण आधी नीट ऐक."

ड्रायव्हरचा दरवाजा बाहेरून उघडत नाही, मागच्या दारातून हात घालून आतला खटका ओढायचा. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसेल. तो २०२१ पासून अर्ध्यावरच आहे, त्याचं मनावर घ्यायचं नाही. रिव्हर्सला थेट जायचं नाही, आधी दुसरा गिअर टाकायचा आणि मग रिव्हर्सला यायचं, नाहीतर ती करकरते. हॉर्न बटणावर वाजेल याची खात्री नाही, पण स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की न दाबता वाजतो. तेव्हा आपण घाबरायचं नाही, लोक घाबरून बाजूला होतात. काच चुकूनही खाली करायची नाही, कारण ती वर घ्यायला दोन माणसं लागतात. एकानं बटण दाबायचं आणि दुसऱ्यानं दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढायची.

मागे मुलाकडच्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. पोरानं सगळं ऐकून घेतलं, किल्ली माझ्या तळहातावर परत ठेवली आणि म्हणाला, "काका, तुम्हीच लावा. मी जागा दाखवतो."

ही आमची गाडी. २००८ ची, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीचा काही दोष नाही. त्यांनी आपलं काम केलं आणि हात झटकले. सतरा वर्षं सोडत नाही तो मी.

ती घेतली त्याच वर्षी, जानेवारीत, दिल्लीच्या प्रदर्शनात लाख रुपयांची नॅनो लोकांना दाखवली होती. आमचे सासरे म्हणाले, "जावईबापू, जरा दम धरा. लाखात मिळतेय तर चार लाख कशाला घालवता?" मी दम धरला नाही. पुढे नॅनो रस्त्यावर आली आणि दहा वर्षांत तिचं उत्पादन थांबलंसुद्धा. मधल्या काळात, २०१४ साली, मारुती ८०० बंद झाली, अँबेसेडर बंद झाली. आमची चालूच. दर दिवाळीला सासरे पाडव्याचं निरांजन विझायच्या आत विचारतात, "अजून तीच का?"

लोक म्हणतात, गाडी कशी भरवशाची हवी. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे, पण मोटारीच्या बाबतीत प्रकरण त्याहून अवघड आहे. बेभरवशाची गाडी माणूस तिसऱ्या वर्षी विकून मोकळा होतो. भरवशाची गाडी तसं करू देत नाही. ती दिवसातून दोनदा आपल्याला नेते-आणते आणि आठवड्याला एक अवयव टाकते. इंजिन सुरू राहतं, आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं एकेक करून राम म्हणतं.

आमचे फिटरभाऊ हे दर वेळी मला नव्यानं सांगतात. गाडी त्यांच्या शेडमध्ये शिरली की ते एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतात, त्याचं टोक इंजिनावर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. शेडमधली पोरंसुद्धा तेवढा वेळ पाने वाजवत नाहीत. मग डोळे उघडून निकाल देतात, "साहेब, इंजिन एकदम मख्खन आहे."

हे ऐकलं की मला घाम फुटतो. कारण पुढचा शब्द 'फक्त' असतो.

"फक्त खालचे आर्म गेलेत. बुश संपलेत. स्ट्रटचं माउंटिंग बसलंय. आणि ते ड्राइव्ह शाफ्टचं बूट फाटलंय बघा, ग्रीस सगळं बाहेर. वळताना कटकट येतीय ना? तेच ते."

येत होती. मला वाटत होतं, बायको काहीतरी म्हणतेय.

फिटरभाऊंचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते मला पटलं आहे. मोटारीत लोखंड मरत नाही, रबर मरतं. इंजिन ज्याच्यावर बसलंय ते माउंटिंग रबराचं, सस्पेन्शनमध्ये ठिकठिकाणी रबराचे बुश, पाण्याच्या नळ्या रबराच्या, दाराच्या पट्ट्या रबराच्या. टायमिंग बेल्टही रबराचाच. तो वेळेवर न बदलता तुटला तर आमच्या इंजिनात पिस्टन जाऊन व्हॉल्व्हना धडकतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. म्हणजे ज्या मख्खनाचं एवढं कौतुक, ते एका रबरी पट्ट्यावर लटकलेलं आहे. तो पट्टा मी दोनदा बदललाय. दुसऱ्यांदा तर मुदतीच्या आधीच, कारण स्वप्नात तुटला होता.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागू शकतात, असं फिटरभाऊंनी मला अशा काही आवाजात सांगितलं की मी तिथल्या स्टुलावर बसलो. इथेनॉल उसापासूनही होतं. म्हणजे ऊस कुठल्यातरी कोल्हापूरच्या शेतातला आणि नळी माझी. आयुष्यभर निर्व्यसनी राहिलेल्या गाडीला उतारवयात प्यायची सवय लागली, एवढंच मी घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणूनच ती डावीकडे ओढते का?" ती डावीकडे ओढते ते अलाइनमेंटमुळे, पण मी वाद घातला नाही.

एसीचं वेगळंच. पंख्याच्या वेगाचे चार आकडे आहेत, त्यांतला फक्त चौथा चालतो. एक, दोन, तीनला सामसूम, आणि चारला एकदम वादळ. पंख्याचा वेग कमी करायला एक रेझिस्टर असतो. तो जळला की वेग कमी करणारंच कुणी उरत नाही, सगळा प्रवाह सरळ मोटरला जातो. सुटा भाग फार महागाचा नाही. पण डॅशबोर्डखाली उलटं झोपून बसवावा लागतो, त्यामुळे फिटरभाऊ त्याचा विषय 'पुढच्या टायमाला' नेतात.

या चार नंबरनं पसरणीच्या घाटात माझ्या सासऱ्यांचा मान राखला नाही.

झालं असं की ऐन मे महिन्यात सासऱ्यांना पाचगणी बघायची इच्छा झाली. वय ७८, तेव्हा इच्छा मोडायची नाही असं घरात ठरलं. खंबाटकी चढतानाच तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला. मी तो कुणाला दिसू नये म्हणून स्टिअरिंगवरचा हात जरा वर धरला. वाईपर्यंत उतारानं लाज राखली. पसरणी सुरू झाला, पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर, मागे ट्रॅव्हल्सची बस, आणि काटा तांबड्याकडे निघाला. एका वळणावर जागा बघून बाजूला घेतली आणि फिटरभाऊंना फोन लावला.

"रेडिएटरचा फॅन फिरतोय का बघा."

नव्हता फिरत.

"रिले गेला असंल. इंजिन मख्खन आहे, घाबरू नका. एसी बंद करा, हीटर फुल टाका आणि हळूहळू वर जावा."

यात शास्त्र आहे. हीटरचा म्हणून एक छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो आणि इंजिनातलं गरम पाणीच त्यातून फिरतं. हीटर लावला की इंजिनाची थोडी उष्णता आत, म्हणजे आपल्या अंगावर येते आणि इंजिन तेवढंच थंड होतं. शास्त्र मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मग मी हीटर सुरू केला. चार नंबरवर, कारण दुसरा नंबरच नव्हता.

पुढचा अर्धा तास गाडीत कुणी बोललं नाही. बाहेर लोक थंड हवेच्या ठिकाणी निघाले होते, गळ्यात कॅमेरे, हातात कणसं. आत आमच्या पायांवर भट्टीची हवा. सासऱ्यांच्या बाजूची काच उघडी होती, माझी बंद, कारण ती उघडली असती तर वर कुणी ओढायची? बायको मागच्या सीटवरून माझ्या डोक्यावर रुमालानं वारा घालत होती. प्रेमानं नव्हे. मला चक्कर आली तर गाडी दरीत जाईल म्हणून.

पाचगणीला पोचलो. सासरे उतरले, दोन पावलं चालले आणि थांबले. मे महिन्यातली दुपार, आजूबाजूची माणसं टोपीनं वारा घेत होती. सासरे म्हणाले, "गार आहे हो इथं. माझी शाल द्या."

ती शाल परतीच्या बसमध्येही त्यांच्या अंगावर होती. हो, ते बसनं गेले.

असो. २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि फेरनोंदणी आली. ही फी आधी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. माझी गाडी पंधरा महिने आधी जन्मली असती तर सहाशेत भागलं असतं, पण ती कुठलीच गोष्ट वेळेवर करत नाही. फॉर्म २५ भरला, पर्यावरण कर भरला, पीयूसी काढली, विमा जोडला. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यायचा असतो, लहानपणी नाण्याचा घ्यायचो तसा. तो काढताना मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं की माझ्या गाडीला आकडा आहे आणि तो गंजलाय.

मग साहेब तपासायला आले. दिवे लावा, लावले. इंडिकेटर द्या, दिला. हॉर्न वाजवा म्हणाले. मी सवयीनं स्टिअरिंग डावीकडे वळवलं.

हॉर्न वाजला. साहेबांनी मला खाली उतरवलं आणि बटणावर वाजत असेल तेव्हा या म्हणाले. दोन दिवसांनी वाजवून दाखवला. कागद मिळाला. २०२८ पर्यंत गाडी रस्त्यावर चालवायला हरकत नाही असं सरकारनं लिहून दिलंय. माझ्याबद्दल इतकं ठाम माझे डॉक्टरही बोलत नाहीत. तीन आठवड्यांनी हॉर्नला जुनी सवय आठवली, पण कागद हातात होता.

पुढे त्या नव्या सुरक्षित नंबरप्लेटा सक्तीच्या झाल्या. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि शेवटी मी लावून घेतली. आता गाडीत सगळ्यात नवीन वस्तू म्हणजे तिचं नाव.

हा सगळा खर्च आमच्या घरी एका वहीत नोंदलेला असतो. वही बायकोची. ती टोमणे मारत नाही, फक्त तारीख घालून लिहिते. क्लचप्लेट. रेडिएटर. बॅटरी, पुन्हा बॅटरी. 'उंदीर' अशीही एक नोंद आहे, त्यासमोर ४,२०० रुपये. पावसाळ्यात एक उंदीर बॉनेटमध्ये राहायला आला, त्यानं वायरिंग खाल्लं आणि वर जेवायला बाहेरून पोळीही आणून ठेवली होती. डांबराच्या गोळ्या टाकल्या, तंबाखूची पानं टाकली. तंबाखू त्यानं बहुतेक जेवणानंतर घेतला.

एका रात्री तिनं तीन वर्षांची बेरीज केली आणि वही माझ्यासमोर सरकवली. ९६ हजार. "अहो, विम्याच्या कागदावर गाडीची किंमत ४२ हजार आहे."

माझं म्हणणं साधं होतं. आत्ताच क्लच टाकलाय. आत्ता विकली तर त्या क्लचची मजा दुसराच कुणी मारणार. दोन वर्षं वापरू, क्लचचे पैसे वसूल करू आणि मग विकू. बायको म्हणाली, हेच तुम्ही रेडिएटर टाकला तेव्हा म्हणाला होतात. मी म्हटलं, बरोबर, आणि ते पैसे वसूल होतच होते की मधे क्लच गेला.

तरी तिच्या समाधानासाठी एका रविवारी जुन्या गाड्या घेणाऱ्याला बोलावलं. त्या दिवशी गाडी काय वागली! दिपोटी तपासणीला येणार म्हटल्यावर वर्गातलं सगळ्यात द्वाड पोरगं जसं हाताची घडी घालून पहिल्या बाकावर बसतं, तशी. अर्ध्या सेल्फला सुरू. ड्रायव्हरचा दरवाजा बाहेरून उघडला. काच खाली गेली आणि एकटी वर आली. मी हळूच ब्लोअर दोनवर लावून पाहिला, तर झुळूक आली. माझे डोळे भरून आले. तो गृहस्थ गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "अडतीस देतो."

"अडतीस? भाऊ, इंजिन ऐकलंत का? एकदम मख्खन आहे."

"इंजिनाचं काय काका, ते वजनावर जातं."

मी बॉनेट लावलं आणि त्यांना चहा न विचारता निरोप दिला. बायको गॅलरीत उभी होती. काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघालो. दरवाजा उघडेना. मागच्या दारातून हात घातला, खटका ओढला, तो माझ्या हातात आला. डाव्या बाजूनं शिरून, गिअरवरून पाय टाकून बसलो आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

तुटलेला खटका खिशात घालून संध्याकाळी घरी आलो. बायकोनं तो बघितला, चष्मा लावला आणि कपाटातून वही काढली.

"तारीख काय आज?"