निळी रेघ, ९२.५

शाळेच्या ग्रुपवर परवा एकाने विचारलं, "गो ९२.५ आठवतंय का रे कुणाला?" एरवी वाढदिवसाच्या केकपलीकडे न बोलणारा ग्रुप रात्री एकपर्यंत जागा! सगळ्यांचा सूर एकच, त्या इंग्रजी एफएम स्टेशनवर काय गाणी लागायची. मला हे पटत नाही. गाणी कुठे गेलीत? यूट्यूबवर पडलीयत सगळी, ऐका की. गेलं ते गाण्यांमधलं बोलणं.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम आलं तेव्हा मी नववीत होते, मराठी माध्यमात. मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, विन आणि मिड-डेवाल्यांचं गो. यातलं इंग्रजी गाण्यांचं ते गो. ठाण्याला मुंबईचीच स्टेशनं यायची. बाबांनी रेल्वे स्टेशनबाहेरून एक किचिबो रेडिओ आणला होता. सकाळी त्यावर विविध भारतीचा हक्क, दुपारी आजीचा, रात्री माझा. दर वेळी काटा शोधत बसायला नको म्हणून मी काचेवर निळ्या बॉलपेनने रेघच मारून ठेवली होती.

वर्गात इंग्रजी बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची. बाई चुका काढणार, मागची मुलं हसणार. रेडिओवरची बाई मला काही विचारायचीच नाही. ती बोलायची, मी उशीपाशी रेडिओ ठेवून ऐकायचे आणि कानाला लागेल ते वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत उतरवायचे. 'स्टे ट्यून्ड' मी कित्येक महिने 'स्टेच्यून' असं लिहीत होते. ते तिचं आडनाव आहे अशी आजीची खात्री होती.

पुढे भारनियमन सुरू झालं. मुंबईत दिवे, आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरात मेणबत्त्या. रेडिओवरची बाई वांद्र्यातल्या पार्ट्यांबद्दल उत्साहाने सांगायची आणि आम्ही वहीने वारा घेत ऐकायचो. मुंबईचा रेडिओ होता आम्हाला, मुंबईची वीज नव्हती.

२००६ मध्ये गोचं रेडिओ वन झालं, जागा ९४.३ झाली आणि गाणी हिंदी झाली. माझ्या रेघेवर नुसती खरखर. मग शेजारी ९२.७ वर बिग एफएम आलं आणि त्याचा आवाज रेघेवर सांडायला लागला.

का बदललं, हे आता कळतं. सुरुवातीला मुंबईसाठी लायसन्स फीच वर्षाला ९ कोटी ७५ लाख, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. विन तर बंदच पडलं. नंतर सरकारने फी म्हणून उत्पन्नाचे ४ टक्के घ्यायची पद्धत आणली, पण त्याबरोबर नवी स्टेशनंही आली. मूठभर इंग्रजीवाल्यांसाठी कोण दुकान चालवणार? मालक मी असते तर मीही हेच केलं असतं.

डोकं फिरलं ते ग्रुपवरच्या एका महाशयांमुळे. म्हणे, "बरं झालं, ठाण्यात इंग्रजी हवंय कशाला?" अरे, पण त्या जागी मराठी आलं का? आलं ते हिंदी, जे बाकी सगळीकडे वाजतच होतं! मराठी गाण्यांसाठी एफएम सोडून मिडियम वेव्हला जाऊन आकाशवाणीची अस्मिता वाहिनीच शोधावी लागायची. ९२.५ वर मराठी लागलं असतं तर मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले असते.

आणि इंग्रजी गेल्याने अडलं कुणाचं? ज्यांच्या घरी सीडींची चळत होती, त्यांचं नाही. फुकटात, कुणी न हसता, चोरून शिकता येत होतं ते आम्हालाच.

काही वर्षांनी रेडिओ वन परत इंग्रजीवर आलं. तोवर मी ऐरोलीला नोकरीला लागले होते, दिवसभर कॉलवर इंग्रजीच. एकदा रात्री घरी सोडणाऱ्या गाडीत ड्रायव्हरदादांनी नेमकं ९४.३ लावलं होतं. पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हटलं, "दादा, मराठी काही लागेल का हो?"

"रेडिओवर कुठलं मॅडम," ते म्हणाले, "पेनड्राइव्ह आहे माझा, लावू?"