अमोस ओझ शांततावादी नव्हते

हिब्रू कादंबरीकार अमोस ओझ यांच्याविषयीचा एक मजकूर सध्या मराठीत हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, किबुत्झमध्ये, म्हणजे इस्रायलमधल्या सामुदायिक मालकीच्या वसाहतीत, जन्मलेल्या या लेखकाने कधी शस्त्र हाती धरले नाही, किबुत्झने दिलेल्या निवांतपणात इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षाची रूपके लिहिली आणि त्यासाठी नोबेल मिळवले.

नोबेल त्यांना मिळाले नाही. हिब्रू साहित्याच्या वाट्याला ते एकदाच आले, १९६६ साली श्मुएल योसेफ अग्नोन यांच्या रूपाने, आणि तेही नेली साक्स यांच्यासह विभागून.

जन्मही किबुत्झमधला नव्हे, तर १९३९ सालचा, जेरुसलेमच्या केरेम अव्राहाम वस्तीतल्या, पुस्तकांनी भरलेल्या क्लाउसनर कुटुंबातला. ते बारा वर्षांचे असताना आईने आत्महत्या केली. त्यानंतर दोनेक वर्षांनी ते घर सोडून हुल्दा किबुत्झमध्ये गेले आणि तिथे त्यांनी ‘ओझ’, म्हणजे बळ, हे आडनाव घेतले. निवांतपणाचे म्हणाल, तर लेखनासाठी त्यांना सुरुवातीला आठवड्यातला एक दिवस मिळे आणि मानधन किबुत्झच्या खात्यात जाई. ‘माझा मिखाएल’ (१९६८) ही कादंबरी त्यांनी रात्री घरचे झोपल्यावर, संडासाच्या मिटलेल्या झाकणावर बसून, मांडीवर व्हॅन गॉगच्या चित्रांचे पुस्तक ठेवून लिहिली.

शस्त्राविषयीचा दावा सर्वांत दिशाभूल करणारा आहे, कारण तो स्तुतीच्या रूपात येतो. ओझ १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सिनाईच्या आघाडीवर रणगाडा दलाबरोबर होते आणि १९७३ च्या युद्धात गोलानच्या आघाडीवर लढले. तरीही १९६७ च्या विजयाची धुंदी उतरलेली नसतानाच त्यांनी ‘दावार’ दैनिकातून जिंकलेल्या प्रदेशावरील ताब्याला विरोध केला, आणि पुढे ‘पीस नाऊ’ या इस्रायली शांतता चळवळीत ते अग्रभागी राहिले. यात विसंगती नाही. त्यांच्या लेखी अंतिम पाप युद्ध हे नव्हते, आक्रमण हे होते. थेरेझिनस्टाट या नाझी छळछावणीतून आपल्या एका नातलग स्त्रीला सोडवले ते फलकधारी निदर्शकांनी नव्हे, तर बंदूकधारी सैनिकांनी, हे ते आवर्जून सांगत. इस्रायली आणि पॅलेस्टिनी या दोन राष्ट्रांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घालावेत, असेही त्यांनी मागितले नाही. त्यांना हवा होता तो रीतसर घटस्फोट, म्हणजे घराची वाटणी.

उरला रूपकांचा मुद्दा, आणि यात थोडे तथ्य आहे. ‘माझा मिखाएल’ची नायिका हाना गोनेन हिच्या स्वप्नांत हालिल आणि अझीझ हे जुळे अरब भाऊ येतात, ही गोष्ट नाकारता येत नाही. परंतु ते तिचे बालपणीचे सवंगडी आहेत. तिची भीती आणि वासना दोन्ही त्यांच्याभोवती गुंतलेल्या आहेत, आणि कादंबरीचा जीव आहे तो भूगर्भशास्त्रज्ञ नवऱ्याच्या सालस, रुक्ष सहवासात घुसमटणाऱ्या संसारात. सरकारला खडसावायचे असले की ओझ लेख लिहीत. त्यासाठी त्यांच्या टेबलावर वेगळ्या शाईचे दुसरे पेन असे.