काफ्काचा पायथॉन क्लायंट: ‘आधी लिबआरडीकाफ्का टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पायथॉनमधून काफ्काशी, म्हणजे संदेशांचा ओघ साठवून पुढे पोहोचवणाऱ्या प्रणालीशी, बोलायचं म्हटलं की कन्फ्लुएंट-काफ्का हा क्लायंट समोर येतो. तो लिबआरडीकाफ्का या सी लायब्ररीवर चालतो. आणि मग एक सल्ला हमखास पुढे येतो. ‘कन्फ्लुएंट-काफ्का चालायला आधी एप्टने (उबुंटू-डेबियनच्या पॅकेज साधनाने) लिबआरडीकाफ्का-डेव्ह टाकावंच लागतं. ते जमलं नाही तर सोर्सवरून बिल्ड करा, मेक इन्स्टॉल झालं की काम फत्ते. एवढी कटकट नको असेल तर शुद्ध पायथॉनमधलं काफ्का-पायथॉन घ्या, दोन्ही सारखेच.’ नवीन मुलं यावर विश्वास ठेवतात आणि त्यांची अख्खी संध्याकाळ त्यात जाते, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, लिबआरडीकाफ्का वेगळं टाकावंच लागतं हे खोटं आहे. नेहमीच्या लिनक्स, मॅक आणि विंडोजसाठी पिप (पायथॉनची पॅकेजं टाकणारं साधन) जे तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, उतरवतो, त्यात ही सी लायब्ररी आधीच भरलेली असते. मग ‘आरडीकाफ्का डॉट एच (लायब्ररीची हेडर फाइल) सापडत नाही’ ही एरर येते कशी? पिपला तुमच्या मशीनला जुळणारं व्हील मिळालं नाही आणि तो मुकाट्याने सोर्सकडे वळला, म्हणून. कारणं ठरलेली आहेत: पिप फार जुना आहे, पायथॉनची आवृत्ती इतकी नवी आहे की तिचं व्हील अजून आलेलं नाही, किंवा कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सचा आहे. अल्पाइनवर सिस्टिमची मूळ सी लायब्ररी मस्ल असते, नेहमीच्या लिनक्समधल्या ग्लिबसीसाठी बांधलेलं व्हील तिथे चालत नाही. म्हणून आधी पिप अपग्रेड करा, डेबियनवर आधारित स्लिम इमेज घेऊन बघा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

एप्टचा उपाय तर कित्येकदा उलटाच पडतो. उबुंटू 22.04 च्या भांडारात लिबआरडीकाफ्का 1.8 आहे आणि कन्फ्लुएंट-काफ्काच्या 2.x आवृत्त्यांना किमान 2.x लागतं. हेडर सापडतो, पण कंपाइल होताना आवृत्ती जुनी असल्याची एरर येऊन सगळं थांबतं. सल्ला देणारा तोवर निघून गेलेला असतो.

सोर्सवरून बिल्ड करण्याची खरी गरज कधी पडते? केर्बेरॉस (तिकिटावर चालणारी ओळख-तपासणी) लागतं तेव्हा. लिनक्सच्या तयार व्हीलमध्ये त्यासाठी लागणारं जीएसएसएपीआय नसतं. बँकेसारख्या ठिकाणी क्लस्टर केर्बेरॉसमागे असेल, तर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनसाठी) आणि लिबसॅसल (ओळख-तपासणीसाठी) यांची डेव्ह पॅकेजं आधी टाकायची, मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, आणि शेवटी पिपला ‘नो-बायनरी’ सांगून पायथॉनचा भाग त्यावर कंपाइल करायचा.

आणि ‘मेक इन्स्टॉल झालं की काम फत्ते’ हे इथेच फसतं. ओपनएसएसएलचे हेडर नसले तरी बिल्ड पूर्ण होऊ शकतं. फक्त त्यातून एसएसएल वगळलेलं असतं, आणि ते कळतं थेट सर्टिफिकेटचा पत्ता दिल्यावर, प्रॉडक्शनच्या उंबऱ्यावर. म्हणून बिल्ड झाल्या झाल्या लिबआरडीकाफ्काची ‘बिल्टइन डॉट फीचर्स’ ही प्रॉपर्टी वाचा. एसएसएल आणि सॅसल-जीएसएसएपीआय त्यात दिसायलाच हवेत. दुसरं, लायब्ररी जाते यूएसआर-लोकलमध्ये. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर तो फोल्डर लोडरच्या, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणाऱ्या भागाच्या, यादीत मुळात नसतो. तो यादीत घालून एलडीकॉन्फिग (लोडरची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवल्याशिवाय प्रोग्रॅमला लायब्ररी सापडत नाही.

राहिलं काफ्का-पायथॉन. छोट्या स्क्रिप्टला ते उत्तम आहे, पण ‘सारखेच’ म्हणणं चूक. त्याची 2.0.2 आवृत्ती 2020 ची. तिच्यात ट्रान्झॅक्शन (अनेक संदेश एकत्र, सगळे किंवा एकही नाही) नव्हते, आणि पायथॉन 3.12 वर ती इम्पोर्ट होतानाच कोसळायची. पुढच्या आवृत्त्या 2025 मध्ये आल्या. म्हणजे ज्यांनी केवळ बिल्डच्या भीतीने ते निवडलं, त्यांना मधल्या काळात वेगळा फोर्क (दुसऱ्यांनी पुढे चालवलेली प्रत) शोधावा लागला किंवा पायथॉन जुनाच ठेवावा लागला.