एक ठोंब पुरे

दापोलीच्या आत्याने निघताना गवती चहाचा ठोंब वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि बजावलं, "एकच पुरे हो. माजतो मेला." मी हसले. डोंबिवलीच्या आमच्या तळमजल्यामागे जी चार फुटांची पट्टी आहे, तिथे सदाफुलीसुद्धा माना टाकायची.

याला तीन वर्षं झाली. यंदा ऑगस्टमध्ये मागच्या खिडकीतून उजेड येईना. कपडे वाळत घालायला गेलं की पातींच्या धारदार कडा दंडावर ओरखडे काढायच्या. ऑफिसात दोघींनी विचारलं, "मांजर पाळलंस का गं?" शेवटी एका रविवारी विळा घेऊन बसले. पडलेला ढीग बघून नवरा म्हणाला, "म्हैस कधी येतेय?"

खरं तर कपामागे एखादी पात पुरते. गाठ मारून आधी पाण्यात उकळायची, दूध शेवटी. पण ढीग संपवायचा म्हटल्यावर मी आठ-आठ पाती कोंबू लागले. तिसऱ्या दिवशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "आज चहात चहा घालशील का?" काढा करावा, तर यंदा घरात कुणाला सर्दी होईना. एरवी पावसाळाभर नाकं थांबत नाहीत! लेकीने थाई सूप केलं, खालचा पांढरा दांडा ठेचून. तो नुसता वासापुरता असतो, खायचा नसतो, हे तिने पुढे वाचलंच नव्हतं. सासूबाई पंधरा मिनिटं चावत होत्या. मग झाडूचा हीर ओढावा तसा तो त्यांनी तोंडातून बाहेर काढला.

वाळवून ठेवावा म्हणे, सावलीत. डोंबिवलीच्या पावसाळ्यात! जिथे टॉवेल वाळत नाही तिथे हा काय वाळणार? पाच दिवस जेवणाच्या टेबलावर पंख्याखाली पाती आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन. सहाव्या दिवशी बुरशी आली. (मला मनातून बरंच वाटलं. तेवढाच ढीग कमी.)

याच्या वासाने डास पळतात, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं. डासांच्या मलमात असतो तो सिट्रोनेला, याचा चुलतभाऊ. आमच्याकडच्या डासांना हे नातं ठाऊक नसावं. संध्याकाळी ठोंबाला जरा धक्का लागला की आतून त्यांचा ढगच उठतो.

मग जुड्या बांधल्या आणि वाटायला निघाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार अर्धवट उघडलं. "अगं, तूच नाही का मागच्या वर्षी ठोंब दिलास? ये ना, बघ किती फोफावलाय. थोडा घेऊनच जा." शेजारच्या वहिनींकडे तेच. वॉचमनच्या केबिनमागेही तेच. मागच्या पावसाळ्यात मी मोठ्या उदार मनाने सोसायटीभर नऊ ठोंब वाटले होते.

राहता राहिली स्टेशनबाहेरची भाजीवाली. आलं, पुदिना, गवती चहा, सगळं असतं तिच्याकडे. म्हटलं, फुकट देते, ठेवून घ्या. तिने पिशवीत डोकावून पाहिलं. "काय करू ताई? तुमच्या त्या सोसायटीतलं गिऱ्हाईकच तुटलं यंदा. सगळ्यांनी घरीच लावलाय म्हणे."

मी शरमेने तिच्याकडून पुदिन्याच्या दोन जुड्या घेतल्या. रात्री चटणी झाली. सकाळी बघते तर सासूबाई मागच्या दारी उकिडव्या बसून, उरलेले देठ एकेक करून मातीत खोचत होत्या.