कॅपिटल ‘आय’ अहंकारातून आलेला नाही

“इंग्रज स्वतःसाठी कॅपिटल ‘आय’ लिहितो आणि समोरच्यासाठी स्मॉल ‘यू’. हा अहंकार हजार वर्षं त्याच्या भाषेत आहे, म्हणूनच त्याने जग लुटलं. आपला ‘मी’ मात्र लहान.” फिरत फिरत आलेला हा मेसेज माझ्या नववीतल्या भाचीने शाळेच्या भित्तीपत्रकासाठी उतरवून दिला आणि तो तिथे लागलाही. आता गप्प बसवत नाही.

हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत ‘मी’साठी आय-सी अशी दोन अक्षरं लिहीत. पुढे ‘सी’ गळून पडला आणि नुसता बारीक ‘आय’ उरला. हस्तलिखितात ती एकटी रेघ शेजारच्या शब्दात हरवायची, म्हणून तेराव्या शतकापासून लेखनिक ती उंच काढू लागले. एक हा रोमन आकडासुद्धा ते असाच लांबवत. त्याला कसला आलाय अहंकार? डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी हा आरोप १९०५ मध्येच याच कारणाने खोडून काढला आहे.

“म्हणूनच जग लुटलं” हे तर घातक आहे. पोर्तुगीजांचा ‘एउ’, म्हणजे त्यांचा ‘मी’, स्मॉल अक्षरातच असतो. त्याच पोर्तुगीजांनी १५१० पासून १९६१ पर्यंत गोवा ताब्यात ठेवला, तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मछळ करणारं न्यायालय, चालवलं. स्पॅनिश ‘यो’ लहान, फ्रेंच ‘झ’ लहान. मेक्सिको आणि अल्जीरिया त्यातून वाचले का? साम्राज्यं आरमारावर, तोफांवर आणि व्यापारी मक्त्यांवर उभी राहिली. मुलांना लुटीचं कारण म्हणून अक्षराची उंची दाखवली, तर हा इतिहास ती कशाला वाचतील?

आपला ‘मी’ लहान कसा? देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत.

“हजार वर्षं” हेही खोटं. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रजीत बहुतेक नामं कॅपिटलने लिहीत. १७८७ ची अमेरिकेची राज्यघटना उघडून पाहा. म्हणजे तेव्हा कॅपिटलचा मान एकट्या ‘आय’ला नव्हता. नंतर ती पद्धत मागे पडली.

कॅपिटलमधून मान दाखवता येतो, एवढं मात्र मान्य करावं लागेल. जर्मन लोक आदरार्थी ‘झी’, म्हणजे ‘तुम्ही’, कॅपिटलने लिहितात. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०२० मध्ये कृष्णवर्णीयांसाठीच्या ‘ब्लॅक’ला कॅपिटल ‘बी’ दिला, तोही मानासाठीच. पण ते जाणूनबुजून घेतलेले निर्णय होते. ‘आय’ मोठा झाला तो वाचणाऱ्याला दिसावा म्हणून.