एक साधं फिरतं बटण द्या हो!

काल परत दूध उतू गेलं. दुधाबद्दल माझी तक्रार नाही. मी पाठ फिरवली की ते वर येणार, हा आमचा जुना करार आहे. तक्रार आहे ती त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटाबद्दल.

दूध इंडक्शन शेगडीच्या काचेवर पसरलं आणि पसरत पसरत बटणांवर गेलं. बटणं कसली, काचेत उमटवलेली चित्रं. मी बंदच्या चित्रावर बोट ठेवलं. टीं टीं. ढिम्म. परत ठेवलं. टीं टीं टीं. मग कुलपाचं चित्र लुकलुकायला लागलं. म्हणजे दुधाने चाइल्ड लॉक लावलं! आता माझ्या घरात शेगडी चालवायचा हक्क दुधालाही आहे, मला तेवढा नाही. कुलूप उघडायला त्याच चित्रावर तीन सेकंद बोट दाबून धरायचं, आणि त्या चित्रावर उकळतं दूध. बाहेरून नवऱ्याचा सल्ला: "अगं, आधी पुसून घे ना!" तूच ये आणि पूस, बाबा.

शेवटी मी भांडंच उचललं. वर भांडं नसलं की इंडक्शन आपोआप तापवायचं थांबतं, तेवढंच नशीब.

हे माझ्या शेगडीचं खूळ आहे असं समजू नका. ही टच बटणं दाबाने चालतच नाहीत. काचेखाली विजेचं एक बारीकसं क्षेत्र असतं, बोट जवळ आलं की ते बदलतं, आणि मशीनला वाटतं की कोणीतरी बटण दाबलं. पाण्यानेही ते बदलतं. दुधाने बदलतं, वरणाने बदलतं, ओल्या फडक्याने बदलतं. म्हणजे जिथे दिवसभर काहीतरी सांडतं, उकळतं आणि हात कायम ओले असतात, नेमक्या त्या जागी ओलं चालत नाही अशी बटणं बसवली. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी आयुष्यात कधी कणीक तरी भिजवली आहे का?

दुधाचं ठीक आहे हो. करपलं, वास सुटला, घासलं. तेलाचं काय? कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पहिलं काम आच बंद करणं आणि झाकण टाकून हवा तोडणं. पाणी चुकूनही ओतायचं नाही. ते तेलाच्या तळाशी जाऊन एका क्षणात वाफ होतं, आणि वाफ झाली की पाण्याची जागा सुमारे 1,700 पट वाढते, म्हणजे पेटतं तेल उडून सगळीकडे. आणि पेटलेली कढई उचलायचीही नाही. म्हणजे दुधाच्या वेळी मला सुचलेला एकमेव उपाय तेलाच्या वेळी सगळ्यात घातक. मग उरतं काय? आच बंद करणं. त्यासाठी आधी कोणता बर्नर ते निवडा, मग वजाचं चित्र दाबत दाबत नवावरून शून्यावर या, किंवा बंदचं चित्र शोधा, आणि तेही कोरड्या बोटाने. जुन्या शेगडीचा कान पिळला की विषय संपायचा. डोळे मिटून, हाताला पीठ असताना, कडेवर पोर असताना. हात आपोआप जायचा.

आणि ज्यांना दिसतच नाही त्यांनी काय करायचं? सपाट काचेवर बोट फिरवून कोणाला काय कळणार? फिरत्या बटणावर निदान खाच तरी असते, किती फिरलंय ते हाताला समजतं.

यात मोठमोठे लोकही फसलेत, हे वाचून मला जरा बरं वाटलं (वाटायला नको होतं). 2017 साली अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका सिंगापूरजवळ एका टँकरवर आदळली, दहा खलाशी गेले. चौकशीत प्रशिक्षण कमी होतं वगैरे बरंच निघालं, पण सुकाणू आणि वेग सांभाळणाऱ्या टचस्क्रीनवरही बोट ठेवलं गेलं. 2019 मध्ये नौदलाने ठरवलं की वेगासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचे. युद्धनौकेला दांडा परत मिळाला, मला एक नॉब मिळत नाही.

गाड्यांचंही तेच. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2026 पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं द्या असं सांगितलंय. युरोपियन युनियनने तर कायदाच करून 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना एकच यूएसबी-सी चार्जर लावायला लावला. कंपन्या आधी कुरकुरल्या, मग गुपचूप लावलाच. म्हणजे मनात आणलं तर सरकारांना जमतं! पण आमच्याकडे पाहुणे जमले की राजकारणावर दोन दोन तास घसा फोडतात, कोण कोणाबरोबर गेला, कोण कोणाला काय बोलला. मी मध्येच म्हटलं, "शेगडीला बंद करायचं खरं बटण सक्तीचं करा असं कोणी म्हणेल, त्याला मी मत देईन. पक्ष कुठलाही असू दे." सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

कस्टमर केअरवाल्याला फोन केला, तर तो गोड आवाजात म्हणतो, "मॅडम, पॅनेल स्वच्छ आणि कोरडं ठेवा." अहो, ती शेगडी आहे, देव्हारा नाही! वर म्हणे, नवीन मॉडेल ॲपवरूनही बंद करता येतं. म्हणजे कढई पेटलेली असताना मी फोन शोधायचा, पासवर्ड आठवायचा, आणि आधी अपडेट व्हायचंय म्हणालं तर ज्वाळांकडे बघत उभं राहायचं.

हे लिहितेय तोवर नवरा ओटा पुसतोय. आतून टीं टीं येतंय. फडक्याने शेगडी चालू केली वाटतं.